गव्हाणी म्हणजे काय, पप्पा?

वाचन : नहेम्या ८:१-१२



मागच्या नाताळात आम्ही जळगावहून धुळ्याला आईकडे गेलो. मुलगी सहा वर्षांची, इंग्रजी माध्यमात शिकते. तिच्यासाठी मी चित्रांचं एक सुंदर इंग्रजी बायबल ऑनलाइन मागवलं होतं. रेटिंग बघून, रिव्ह्यू वाचून, लॅपटॉप घेतो तसं! रात्री ती ते घेऊन आजीजवळ बसली. आईने दोन पानं उलटली आणि पुस्तक मला परत दिलं. "माले हाई वाचता येत नही, बेटा."

मग आईने आपलं जुनं, शिवण सुटलेलं मराठी बायबल काढलं आणि लूकचा दुसरा अध्याय वाचला. मध्येच प्रश्न आला, "गव्हाणी म्हणजे गव्हाचा डबा का?" सकाळी आजी तिला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेली. परतीच्या बसमध्ये पोरगी मला सांगते, "पप्पा, बाळाला जागाच नव्हती, म्हणून म्हशीच्या ताटात झोपवलं!"

अवघड शब्द अडचण नव्हता. समजावणारं माणूस सोबत होतं. माझं पुस्तक मात्र आजीलाच बाहेर ठेवत होतं.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना समजेल असे सगळे जमले होते. लेवी स्पष्ट वाचत आणि अर्थ सांगत. बाराव्या वचनात लोक आनंद करायला जातात. का? तर सांगितलेलं त्यांना समजलं म्हणून!

हेच ओझं पंडिता रमाबाईंच्या मनावर होतं. सामान्य बायांना समजेल अशा सोप्या मराठीसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघालं. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

मुलांसाठी बायबल घेताना आता मी तीन गोष्टी बघतो :

१. घरात ते मोठ्याने कोण वाचणार? त्या माणसाच्या भाषेतलं घ्या. इंग्रजी नंतरही येईल.

२. एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि मुलाला गोष्ट सांगायला लावा. त्याच्या शब्दांत आली तर पुस्तक बरोबर. नुसती मान हलली तर थांबा.

३. गोष्टीत देव आहे का? नोहाची गोष्ट प्राण्यांवरच संपते, की देवाच्या करारापर्यंत जाते? दावीद फक्त 'शूर मुलगा' उरतो का? तसं असेल तर ते बोधकथांचं पुस्तक झालं.

आणि गोष्टींचं पुस्तक म्हणजे पूर्ण बायबल नव्हे. ती पायरी आहे. मूल नीट वाचू लागलं की मार्कचं शुभवर्तमान हातात द्या. सगळ्यांत छोटं आहे, घटना भराभर घडतात.

ते इंग्रजी बायबल आमच्याकडे अजून आहे. मुलगी त्यातली चित्रं आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवते, आणि गोष्ट आजी सांगते.

प्रार्थना : प्रभू, तुझं वचन आमच्या लेकरांच्या कपाटात नाही, त्यांच्या बोलण्यात राहू दे. आणि ते समजावून सांगायला आम्हाला वेळ काढायला शिकव. आमेन.