फ्लोराइड आणि बालकांचे दांत

दांत घासण्याच्या पेस्टमध्यें फ्लोराइड नांवाचें द्रव्य असतें व तें विषारी आहे, असें ऐकून अनेक पालक चिंतातुर होतात. कोणी पेस्ट टाकून पुन्हां राखुंडीकडे वळतात. कोणी तर मिश्री किंवा गुडाखूच बरी असें म्हणतात, जणूं तंबाखू हें बालकांचें औषधच! पालकांची भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु ती कोठें लागू पडते व कोठें पडत नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

दांताच्या बाहेरील कठीण कवचास एनॅमल अथवा दंतवल्क म्हणतात. गोड खाल्ल्यावर तोंडांतील सूक्ष्म जंतु अम्ल उत्पन्न करितात व तें अम्ल हें कवच विरघळवितें. दांतांस बाहेरून अल्प फ्लोराइड मिळत राहिलें, तर झिजलेला भाग पुन्हां भरून येतो व अम्लास अधिक टिकतो. मात्र कायमचे दांत हिरडीच्या आंत घडत असतां, म्हणजे जन्मापासून सुमारें आठव्या वर्षापर्यंत, तेंच द्रव्य पोटांत अधिक गेल्यास कवच नीट घडत नाहीं. त्यावर पांढरे ठिपके व पुढें तपकिरी पट्टे दिसूं लागतात. पूर्ण घडलेल्या दांतास हा विकार होत नाहीं. म्हणून हा प्रश्न मुख्यतः लहानांचा होय.

याचा शोध मोठा मनोरंजक आहे. 1901 सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें मॅके नांवाचे तरुण दंतवैद्य गेले. तेथील पुष्कळ लोकांचे दांत तपकिरी होते, पण ते किडत मात्र कमी! कारण सांपडावयास तीस वर्षें लागलीं. 1931 सालीं चर्चिल नांवाच्या रसायनज्ञानें पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड असल्याचें दाखविलें. पुढें 1945 सालीं ग्रँड रॅपिड्स या शहरीं, दांत किडूं नयेत म्हणून, पाण्यांत तें हेतुतः मिसळण्यास आरंभ झाला.

आपल्या देशाची अडचण याच्या उलट आहे. 1937 सालीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांत या रोगाची नोंद झाली. आपल्या वऱ्हाडांतच पाहावयाचें तर यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस कित्येक गांवीं विंधनविहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आढळतें. भारतीय मानकाप्रमाणें तें लिटरास 1 मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरी सोयच नसल्यास 1.5 पर्यंत चालतें. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणीं, जेथें पावसाचें पाणी तलावांत सांठविलें जातें, तेथें तें सहसा अल्पच असतें. विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या गांवाहून आलेल्या सोबत्याचे दांत डागाळलेले दिसले, तर ‘हा दांत घासत नाहीं’ म्हणून त्यास हसूं नका. तो डाग विहिरीनें दिलेला असतो. कितीही घासला तरी निघत नाहीं, आणि कोळशानें घासल्यास उलट कवच झिजतें.

आतां पेस्टचें गणित करूं. एक हजार भागांस एक भाग फ्लोराइड, या प्रमाणानें एक ग्रॅम पेस्टमध्यें 1 मिलिग्रॅम फ्लोराइड होतें. जाहिरातींत दाखवितात तशी ब्रशभर पेस्ट सुमारें एक ग्रॅम भरते; ती बालकानें दोन वेळां गिळली, तर 2 मिलिग्रॅम पोटांत गेलें! वाटाण्याएवढी घेतल्यास हेंच एका वेळीं पाव मिलिग्रॅमच्या आसपास येतें, व तें थुंकून टाकल्यास त्याहूनही कमी. यास्तव तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी, आणि ती आईबापांनीं आपल्या हातानें ब्रशावर लावावी. स्वाद गोड म्हणून पेस्ट चाटणाऱ्या मुलांवर विशेष लक्ष असूं द्यावें.

पाण्याची गोष्ट निराळी. पूर्णेकांठच्या खारपाणपट्ट्यांतील पाण्याचा खारटपणा जिभेस तत्काळ कळतो. फ्लोराइडास मात्र रंग, वास वा रुचि नाहीं. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण फ्लोराइड जात नाहीं. वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण किंचित् वाढतेंच. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तुरटी व चुना यांच्या योगें तें काढण्याची रीति बसविली आहे. तिला नलगोंडा पद्धति म्हणतात. परंतु तुरटी किती घालावयाची, हें पाणी तपासल्यावांचून ठरत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं विंधनविहिरीचें पाणी पितात, त्यांनीं प्रथम तें प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावें, आणि दोष निघाल्यास निदान लहान मुलांच्या पिण्यास व स्वयंपाकास दुसरें पाणी आणावें.