सर्दीचा प्रसार आणि आपली दक्षता

पावसाळ्याच्या आरंभी आणि थंडीच्या दिवसांत घराघरांतून शिंका व खोकला ऐकू येऊ लागतो. एखादे मूल शाळेतून पडसे घेऊन येते आणि दोन-चार दिवसांत सारे कुटुंब नाक पुसू लागते. ‘भिजला म्हणून सर्दी झाली’, असे निदान घरातील वडीलधारी मंडळी करतात. वस्तुतः सर्दी हा विषाणूंमुळे होणारा संसर्गजन्य विकार आहे.

सर्दी उत्पन्न करणाऱ्या विषाणूंचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांत ‘ऱ्हायनोव्हायरस’ हा गट प्रमुख होय. १९५० नंतरच्या दशकात त्याचा शोध लागला. नाकातील सुमारे ३३ अंश सेल्सिअस तापमान या विषाणूंच्या वाढीस विशेष मानवते. एका प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, तरी दुसऱ्या प्रकारापुढे ती अपुरी पडते. म्हणूनच सर्दी पुन्हा पुन्हा होते.

इंग्लंडमधील सॅलिस्बरी येथे १९४६ ते १९९० या काळात सर्दीच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र चालविले जात होते. तेथील एका प्रयोगात काही स्वयंसेवकांना ओल्या अंगाने वाऱ्यात उभे करण्यात आले. ज्यांच्या नाकात विषाणू सोडलेला नव्हता, त्यांना केवळ गारठ्याने सर्दी झाली नाही. दुसऱ्या एका प्रयोगात नाकातून पाझरणाऱ्या पाण्याऐवजी चमकणारा रंग वापरण्यात आला. विशिष्ट प्रकाशात पाहता तो रंग हात, चेहरा व आसपासच्या वस्तूंवर पसरलेला दिसून आला. मग थंडीपावसात सर्दी का वाढते? त्याचे एक कारण असे, की या दिवसांत माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात.

शिंकण्या-खोकण्यातून उडणारे तुषार हा प्रसाराचा एक मार्ग आणि हात हा दुसरा. रुग्ण नाक पुसतो, त्याच हाताने तांब्या, कडी वा पाटी हाताळतो. दुसरा मनुष्य त्याच वस्तूला स्पर्श करून आपले नाक अथवा डोळे चोळतो. अशा रीतीने विषाणू घरोघर पोहोचतो. संसर्गानंतर साधारणतः एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. शिंकताना तोंडावर रुमाल, पदर किंवा हाताचे कोपर धरावे. नाक पुसल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. शिक्षकांनी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना ही सवय लावावी. सर्दी झालेल्या व्यक्तीने तान्ह्या बालकास शक्यतो जवळ घेऊ नये. आईने अंगावर पाजणे मात्र बंद करू नये, केवळ हात धुऊन व तोंडावर पदर घेऊन पाजावे.

साधी सर्दी विश्रांती व गरम पेयांनी बहुधा आठ-दहा दिवसांत बरी होते. प्रतिजैविक गोळ्या अथवा इंजेक्शने जंतूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. डॉक्टरांकडे त्यांचा आग्रह धरल्याने पैसा वाया जातो. शिवाय पुढे खरी गरज भासेल तेव्हा तीच औषधे निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो.

तथापि बालकांच्या बाबतीत हयगय करू नये. मूल शांत असता त्याचे श्वास एक मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास भरल्यास, छाती आत ओढली जात असल्यास किंवा मूल दूध पीत नसल्यास ती न्यूमोनियाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता बालकास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वेळीच मोजलेले ते एक मिनिट बालकाचे प्राण वाचवू शकते.