फायबरच्या होडीवरील जुनी अक्षरे काढण्याची रीत

कोकणच्या किनाऱ्यावर एका बंदरातील होडी दुसऱ्या बंदरातील मच्छीमाराने विकत घेणे ही नित्याची गोष्ट होय. होडीबरोबर जुन्या मालकाने दिलेले नाव आणि नाळेच्या दोन्ही बाजूंस रंगविलेला नोंदणी क्रमांकही नव्या मालकाकडे येतो. लाकडी होडी असली म्हणजे ही अक्षरे काढण्याची फारशी चिंता नसे. रंग आचेने भाजावा, पट्टीने खरवडावा आणि उघड्या पडलेल्या फळीवर पुन्हा तेल व रंग चढवावा, अशी जुनी वहिवाट आहे. फायबरच्या होडीस हीच वहिवाट लावली असता होडीचे नुकसान होते, आणि ते पहिल्या हंगामात नजरेस येत नाही.

याचे कारण होडीच्या घडणीत आहे. साच्यामध्ये प्रथम रंगीत राळेचा एक थर देतात व त्यावर काचतंतूंचे थर पॉलिएस्टर राळेत भिजवून एकावर एक बसवितात. साच्यातून होडी बाहेर काढल्यावर तो पहिला थर सर्वांत बाहेर येतो. त्यास जेलकोट म्हणतात. होडीचा चकचकीत, गुळगुळीत दिसणारा भाग तो हाच. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवल्याइतकीच असते. ऊन आणि खारे पाणी यांपासून आतील काचतंतूंचे रक्षण एवढ्याशा थरावर अवलंबून आहे. तो घासून गेला म्हणजे तंतू उघडे पडतात, पाणी तंतूंच्या कडेने आत झिरपते आणि कालांतराने थर एकमेकांपासून सुटू लागतात. अक्षरे पाण्याच्या रेषेच्या वर असतात हे खरे. तथापि नाळेवर लाटांचा मारा चालूच असतो. एमरीची चकती लावलेला ग्राइंडर हा थर काही क्षणांत उडवितो. काम लवकर उरकावे म्हणून अनेक जण प्रथम ग्राइंडरच हाती घेतात, ही खेदाची गोष्ट आहे.

कामास हात घालण्यापूर्वी मालकी बदलाची नोंद मत्स्यव्यवसाय कार्यालयात पुरी करून घ्यावी. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पळविलेल्या मासेमारी नौकेतून आले होते. तेव्हापासून समुद्रातील तपासणी कडक झाली आहे. क्रमांक नसलेली, अथवा जुना व नवा असे दोन्ही क्रमांक अर्धवट दिसणारी होडी तपासणीत अडकून पडते. यास्तव जुनी अक्षरे पूर्णपणे जावीत आणि नवी लागलीच यावीत, अशी आखणी असावी. १ जूनपासून सुरू होणाऱ्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर असते, तेव्हा ताडपत्रीच्या आडोशाला हे काम करता येते. घासण्याच्या कामास पावसाची अडचण नाही, उलट पाणी हवेच असते. रंग देण्यास मात्र कोरडा दिवस लागतो.

प्रथम होडीचा तो भाग गोड्या पाण्याने व साबणाने धुऊन मीठ आणि चिकटा काढावा व कोरडा करावा. नंतर अक्षरे कशाची आहेत हे पाहावे. चिकटपट्टीची अक्षरे असल्यास गरम पाण्याचे फडके काही वेळ दाबून धरले म्हणजे कडा सुटते व अक्षर सोलून निघते. रंगविलेल्या अक्षरांतही फरक असतो. साच्यातून होडी सुटावी म्हणून साच्यास मेण लावलेले असते व ते होडीच्या अंगावर उतरते. ते न पुसता पेंटरने नव्या होडीवर अक्षरे काढली असतील तर रंगाची पकड कच्ची राहते. अशी अक्षरे कडा गोल केलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने सपाट धरून ढकलली तरी पापुद्र्याने निघतात. लोखंडी पट्टी किंवा हॅक्सॉचे पाते वापरू नये. त्याचे ओरखडे रंगाखालून जेलकोटमध्ये उतरतात.

आच देण्याचा मोह आवरावा. साधी पॉलिएस्टर राळ साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान नरम पडू लागते. ब्लोलॅम्पच्या ज्योतीखाली जेलकोटला फोड येतात व तो करपतो. हीट गन वापरावयाचीच असल्यास ती सतत हलती ठेवावी आणि पृष्ठभाग हाताला सोसवेल इतकाच तापू द्यावा.

पट्टीने न निघणाऱ्या रंगासाठी द्रावक घ्यावे, मात्र सौम्यापासून तीव्राकडे जावे. प्रथम स्पिरिट, मग थिनर, आणि शेवटी ॲसिटोन, असा क्रम ठेवावा. प्रत्येकाची परीक्षा एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करावी. द्रावक होडीवर ओतू नये. चिंधी ओली करून अक्षरावर काही सेकंद घासावी व लगेच कोरड्या चिंधीने पुसावे. ॲसिटोन जास्त वेळ राहिल्यास जेलकोट चिकट होतो. चिंधीस होडीचाच रंग भरभरून येऊ लागला तर होडीच्या अंगावरही पूर्वी रंग दिलेला आहे असे समजावे. अशा वेळी अक्षरांपुरते काम साधत नाही. तो सबंध पट्टा घासून पुन्हा रंगविणेच सोयीचे. बाजारातील सर्वसाधारण पेंट रिमूव्हर लाकूड व लोखंड यांसाठी असतो. डब्यावर फायबरसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले नसल्यास तो दूर ठेवावा, कारण तो रंगाबरोबर जेलकोटही खातो.

जुन्या ऑइलपेंटवर आणखी एक उपाय चालतो. या रंगातील तेलाचा अंश कॉस्टिक सोड्याने साबणासारखा होऊन सुटतो. भट्टी किंवा ओव्हन साफ करण्याच्या ज्या फेसाळ फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो, तो अक्षरांवर पाच मिनिटे राहू द्यावा, फडक्याने पुसावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. दोन-तीन वेळा करूनही परिणाम न दिसल्यास रंग दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर घालून लावलेला आहे असे समजून थांबावे. या वेळी रबरी हातमोजे व चष्मा अवश्य असावा आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर फवारा उडू देऊ नये. द्रावकाजवळ बिडी वा स्टोव्ह नसावा हे सांगावयास नकोच. ताडपत्रीखाली वाफ कोंडते, म्हणून दोन बाजू उघड्या ठेवाव्यात.

उरलेला रंग वॉटर पेपरने काढावा. ६०० नंबरच्या पेपरने आरंभ करून ८०० व १००० पर्यंत जावे. रंग फारच चिवट असल्यास तेवढ्यापुरता ४०० नंबर घ्यावा. पेपर रबरी ठोकळ्यास गुंडाळून भरपूर पाण्यात घासावा. नुसत्या बोटांनी घासल्यास खळगे पडतात. पाण्यास आता रंगाऐवजी होडीच्या अंगाचा रंग येऊ लागला की हात थांबवावा. काचतंतूंची जाळी दिसू लागली तर मर्यादा ओलांडली गेली आहे; ती जागा जेलकोट भरून दुरुस्त केल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये.

कोरडे घासणे टाळावे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. त्यापूर्वीच्या रंगांत, तसेच या नियमात न येणाऱ्या औद्योगिक रंगांत शिसे असू शकते, आणि त्याची पूड श्वासातून शरीरात जाते. खाली जुनी ताडपत्री अंथरून पापुद्रे व गाळ गोळा करावा. ज्या खाडीत बायका तिसऱ्या व कालवे गोळा करतात तेथे तो जाता कामा नये.

रंग सर्व निघाल्यावरही पुष्कळदा अक्षरे वाचता येतात. यात कामाचा दोष नसतो. अक्षरांखालील जेलकोट उन्हापासून झाकलेला राहिला आणि भोवतालचा वर्षानुवर्षे फिका पडला, एवढाच त्याचा अर्थ. अशी छाया जावी म्हणून अक्षरांचीच जागा अधिक घासणे चुकीचे होय. भोवतालचा फिका थर रबिंग कंपाउंडने घासून दोन्हींचा रंग जुळवावा लागतो. छाया अगदीच जाईना तर क्रमांकाच्या जागी रंगाचा आयताकृती पट्टा देऊन त्यावर नवा क्रमांक लिहावा. रबिंग कंपाउंडनंतर होडीस मेण लावतात. ते नवीन अक्षरांच्या जागेवर लावू नये; रंग देण्यापूर्वी ती जागा थिनरच्या चिंधीने पुसून ६०० नंबरच्या पेपरने हलकी खरखरीत करावी, अन्यथा नवा क्रमांक पहिल्याच हंगामात पापुद्र्याने सुटेल.