चेंडूची फॅट

“सर, पोरगं बारावी सायन्सला आहे आणि दिवसभर मोबाईलवर बॉल मोजत बसतंय. काय करावं ह्याचं?”

तामलवाडीत करिअरवरचं व्याख्यान संपलं होतं, खुर्च्या गोळा होत होत्या, तेव्हा एका वडिलांनी मला गाठलं. सूर तक्रारीचा होता, पण पोराचा मोबाईल माझ्यापुढं धरताना हात मात्र कौतुकाचा वाटला. मुलगा दोन पावलं मागं उभा होता.

व्हिडिओ गावच्या मैदानातला होता. मुलानं पुढं येऊन तो एकेक फ्रेम सरकवून दाखवला. ही फ्रेम चेंडू हातातून सुटल्याची, ही बॅटपाशी पोचल्याची, मध्ये पंधरा फ्रेम. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. अंतर त्यानं टेप लावून मोजलं होतं, १७.७ मीटर. वहीत उत्तर लाल शाईनं लिहिलेलं : ताशी १२७ किलोमीटर. बॉलर त्याचा चुलतभाऊ.

“एक फ्रेम इकडंतिकडं झाली असेल तर?” मी विचारलं.

त्यानं तिथंच आकडेमोड केली. चौदा फ्रेम धरल्या तर वेग १३६ च्या वर जातो, सोळा धरल्या तर १२० च्या आत येतो. म्हणजे चुलतभाऊ एका फ्रेमच्या चुकीत रणजीचाही ठरतो आणि गल्लीचाही. पोराचा चेहरा उतरला. मग तोच म्हणाला, “स्लो मोशनला ठेवलं तर २४० फ्रेम येतात सर. मग एका फ्रेमला एकच किलोमीटर चुकंल.” मला त्याचं १२७ फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं, हे वाक्य वाटलं. (त्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. टीव्हीवर दिसणारा वेग हातातून सुटतानाचा असतो. याचा वेग सरासरी आहे, त्यात टप्पा पडल्यावर चेंडू मंदावतो तेही आलं. त्यामुळं टीव्हीच्या आकड्याशी तो थेट जुळवायचा नाही.)

या खटाटोपाला जगात पगार देणारी माणसं आहेत. कमी आहेत, पण आहेत.

तामलवाडीहून तुळजापूर अर्ध्या तासावर. राजवर्धन हंगरगेकर तिथला. २०२२ च्या फेब्रुवारीत भारतानं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. त्याच महिन्यातल्या आयपीएल लिलावात ३० लाखांच्या पायाभूत किमतीवरून तो चेन्नईकडे दीड कोटीला गेला. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत पहिल्याच सामन्यात त्यानं तीन बळी घेतले. त्याच्याबद्दल बोलताना सगळे एकच आकडा आधी सांगायचे, ताशी १४० च्या आसपासचा वेग. आपल्या भागातल्या आईबापांनी यातली एक गोष्ट नीट पाहावी. धाराशिव जिल्ह्यातल्या स्पर्धेत तीस बळी घेतले म्हणून मुंबईच्या माणसाला काहीच कळत नाही. समोरचे बॅट्समन कोण होते, विकेट मॅटिंगची होती की मातीची, सीमारेषा किती जवळ होती? १४० मात्र तुळजापुरातही १४० आणि शिवाजी पार्कवरही १४०. रडारला वशिला कळत नाही. अडचण एवढीच की रडार गावापर्यंत यावं लागतं.

माझं म्हणणं वडिलांना पटत नव्हतं, तेव्हा मी दूध संकलन केंद्राकडं वळलो. पूर्वी दूध बोटावर घेऊन, फार तर डिग्री लावून पारखायचे. आता फॅट लागते, एसएनएफ लागतो आणि पावतीवर दर छापून येतो. दूध कुणाच्या गोठ्यातलं आहे हे मशीन विचारत नाही. पण म्हैस विकत घेताना फक्त एका सकाळची पावती बघून कुणी पैसे मोजतं का? “नाही हो,” ते हसले, “चार धारा स्वतः काढून बघायच्या. वेत कितवं, कास कशी, समदं बघायचं.” मग बॉलरच्या बाबतीत तेच करणारा माणूस म्हणजे डेटा ॲनालिस्ट, मी म्हटलं. चेंडूची फॅट काढायची आणि किती पावत्यांवर विश्वास ठेवायचा ते सांगायचं.

हे काम सगळ्यात पुढं नेलं ते अमेरिकेतल्या बेसबॉलनं. तिथं मोठ्या लीगखाली मायनर लीगच्या पायऱ्या आहेत. हजारो पोरं तिथं वर्षानुवर्षं खेळतात, वर फार थोडी पोचतात. त्यांना निवडताना पूर्वी किती जिंकले, किती धावा दिल्या हेच बघत. पण खालच्या पायरीवरच्या या आकड्यांत नशीब फार मिसळलेलं असतं. आपल्याकडचा हिशेब करून बघा. सामन्याला सरासरी दीड बळी घेण्याची कुवत असलेला बॉलर दहा सामन्यांत पंधरा घेईल असं आपण धरतो. प्रत्यक्षात अकरा आले किंवा एकोणीस आले तरी नवल नाही. अकराचा मुलगा घरी बसतो, एकोणीसचा जिल्हा संघात जातो, कुवत दोघांची एकच. वेगाचं तसं नाही. वीस चेंडू टाकले की सरासरी वेग बऱ्यापैकी पक्का कळतो, कारण त्यात बॅट्समनची, झेल सोडणाऱ्याची आणि अंपायरची काही भूमिकाच नाही.

म्हणून तिथं रडार आणि कॅमेरे प्रत्येक चेंडूच्या मागे लागले. गोल्फसाठी डेन्मार्कमध्ये तयार झालेलं ट्रॅकमॅन मायनर लीगच्या मैदानांवर गेलं. मोठ्या लीगमध्ये २०१५ पासून स्टॅटकास्ट नावाची व्यवस्था आली, आणि २०२० पासून तिच्यामागे हॉक-आयचे कॅमेरे आहेत. क्रिकेटवाल्यांना हे नाव ओळखीचं. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ते प्रथम टीव्हीवर दिसलं होतं. वेगाबरोबर चेंडू मिनिटाला किती गिरक्या घेतो (तिथल्या वेगवान चेंडूला सव्वादोन हजारांच्या घरात असतात), हातातून कुठल्या उंचीवर सुटतो, चेंडू अपेक्षेपेक्षा किती कमी खाली येतो हे सगळं मोजतात. त्यावरून ‘स्टफ प्लस’सारखे गुण काढतात. शंभर म्हणजे सरासरी. चेंडूला फटका बसला की नाही याकडं हे गुण बघतच नाहीत. चेंडू फटका बसण्यासारखा होता का, एवढंच बघतात.

आता उलटी बाजू. २००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली होती, जो सर्वांत जोरात आणि नेमका चेंडू फेकेल त्याला अमेरिकेत संधी. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू निवडले गेले. रिंकूचा वेग ताशी ८७ मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटर. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघानं दोघांशी करार केला. व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यावर हॉलिवूडनं सिनेमाही काढला. मोठ्या लीगपर्यंत मात्र दोघंही पोचले नाहीत आणि रिंकू पुढं कुस्तीच्या रिंगणात गेला. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, ज्या खेळाचा चेंडू आधी हातात धरला नव्हता त्यात ते तिथवर गेले. रडारला जेवढं विचारलं होतं तेवढं त्यानं अचूक सांगितलं होतं. पुढचं विचारायला माणूस लागतो.

आपल्याकडं ती माणसं होती. ज्येष्ठ पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून बीसीसीआयची छोट्या गावांतली गुणवत्ता शोधणारी योजना उभी राहिली, दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख. त्याच योजनेतल्या प्रकाश पोद्दारांनी २००३ मध्ये जमशेदपूरला महेंद्रसिंग धोनीला हेरलं. तिथं नोंद डोळ्यानं झाली होती, कागदावर.

आता मुलाचं काय करायचं ते. पहिली गोष्ट नोकऱ्यांची, आणि ती कडू आहे. आयपीएलचे संघ दहा, महिलांच्या लीगचे पाच, प्रो कबड्डीचे बारा. राज्य संघटना, अकादमी आणि टीव्ही कंपन्या धरल्या तरी जागा मोजक्या आणि त्यातल्या पुष्कळ हंगामी. ‘स्पोर्ट्स ॲनालिस्ट’ हे एकच स्वप्न धरून बसणं मला धोक्याचं वाटतं. पदवी खेळाची घेऊच नये, संख्याशास्त्राची घ्यावी. खेळात जागा नाही मिळाली तरी बँक, विमा, औषध कंपनी, पीक अंदाज, निवडणूक सर्वेक्षण कुठंही तेच गणित चालतं. ‘स्पोर्ट्स ॲनालिटिक्स’चं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र लाखभर रुपयांना विकणाऱ्या जाहिराती सध्या पालकांच्या मोबाईलवर फिरतात. त्यातली एक माझ्याकडं सल्ल्याला आली होती. अभ्यासक्रमात अर्धा वेळ एक्सेलच होतं.

बारावीला गणित सोडू नका, एवढी अट. मग बीएस्सीला संख्याशास्त्र. एमएस्सीला लांब जायची गरज नाही, सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात सोय आहे. पुणे आणि कोल्हापूरची विद्यापीठं आहेतच. फार हुशार असेल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी, तिथं उलट विद्यावेतन मिळतं. आणि घर सोडणं जमत नसेल त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते, कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत मिळते आणि मध्येच थांबावं लागलं तर डिप्लोमा हाती येतो. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यायची असते, आणि सोपी नसते. ऑनलाइन म्हणजे घरबसल्या पास, हा समज आधीच काढून टाका.

क्रिकेटमध्ये शिरण्याची खरी वाट स्कोअररच्या टेबलावरून जाते. बीसीसीआय स्कोअररच्या आणि व्हिडिओ ॲनालिस्टच्या परीक्षा घेते, त्यासाठी जिल्हा आणि राज्य संघटनेशी संबंध ठेवावा लागतो. शनिवार-रविवार उन्हात बसून स्कोअर लिहिणाऱ्या पोराला जे दिसतं ते लॅपटॉपवाल्याला दिसत नाही.

सरावाचा माल फुकट आहे आणि इथंच बेसबॉल कामाला येतो. क्रिकेटची चेंडूगणिक धावसंख्या ‘क्रिकशीट’वर मोफत मिळते, पण चेंडूचा वेग, वळण, टप्पा ही माहिती कंपन्यांच्या कुलपात असते. बेसबॉलवाल्यांनी ती ‘बेसबॉल सॅव्हंट’वर उघडी ठेवली आहे, मोठ्या लीगची, आणि मायनर लीगमधल्या ट्रिपल-ए पायरीचीसुद्धा. तामलवाडीतला मुलगा रात्री जेवण झाल्यावर अमेरिकेतल्या एखाद्या बॉलरचे हजार चेंडू उतरवून घेऊ शकतो, अंदाज लिहून ठेवू शकतो आणि वर्षभरानं तो बॉलर वर गेला की नाही ते पडताळू शकतो. नोकरी देणाऱ्यासमोर दहा प्रमाणपत्रांपेक्षा असा एक पडताळलेला अंदाज ठेवावा, चुकला असेल तर का चुकला त्यासकट.

ज्यांचा मुलगा स्वतः बॉलर आहे त्यांना वेगळं सांगतो. मोबाईलवर वेग मोजायला लागलात की रोज एक किलोमीटर वाढावा असं वाटायला लागतं. अमेरिकेत याची किंमत पोरांच्या कोपरांनी मोजली. वेगाच्या हव्यासाचा आणि दुखापतींचा संबंध दाखवणारा मोठा अहवाल तिथल्या लीगनंच डिसेंबर २०२४ मध्ये काढला. आपल्याकडं फास्ट बॉलरची कंबर जाते. आठवड्याला किती चेंडू टाकले, ते आधी लिहा. वेग नंतर.

निघताना मी मुलाला एक काम दिलं होतं. घरात दोन म्हशी, तर दहा दिवस दोघींचं दूध वेगळ्या कॅनमध्ये केंद्रावर न्यायचं, पावत्या जपायच्या आणि कितव्या दिवशी दोघींतला फरक खात्रीनं सांगता येतो ते काढायचं. केंद्रावरचा माणूस दोन पावत्यांना वैतागला म्हणे. दहाव्या दिवशी फोन आला. वडिलांची लाडकी म्हैस फॅटला मागे पडली होती, आणि फरक सहाव्या दिवसापासून पक्का दिसत होता. पोरगं खुशीत होतं.

मागून वडिलांचा आवाज आला, “त्याला म्हणावं, लिटर कोण मोजणार? ती दोन लिटर जास्त देती.”

थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग मुलगा म्हणाला, “सर, एक कॉलम राहिलाच की.”