केशरी कार्ड, दीड लाख, पाच लाख आणि बीपीच्या गोळ्या

प्रश्न : आम्ही एकोडीचे (ता. साकोली, जि. भंडारा). रेशनकार्ड केशरी आहे. बाबांना 72 वं वर्ष सुरू आहे, आई 66 ची. उपचाराला सरकार दीड लाख देतं असं गावात कुणी सांगतं, कुणी पाच, तर कुणी थेट दहा. इकडे बाबांच्या बीपीच्या गोळ्या विकतच आणतो. औषध दुकानदाराने आयुष्मान कार्ड पाहून परत दिलं. मग खरं काय?

उत्तर : तिघांच्याही बोलण्याला आधार आहे, फक्त प्रत्येकजण वेगळ्या काळातली गोष्ट सांगतो आहे.

दीड लाख हा जुना आकडा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये भंडाऱ्यासह उरलेल्या जिल्ह्यांत आली. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. शुभ्र कार्डाचे शेतकरी फक्त 14 आपत्तीग्रस्त जिल्ह्यांत घेतले होते. त्यात वर्धा होतं, भंडारा नव्हतं. ‘शुभ्र कार्डाला काही मिळत नाही’ हा आपल्याकडचा समज तेव्हापासूनचा. आता तो सोडून द्यावा. 1 जुलै 2024 पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख आहे.

दहाचा हिशेब बाबांमुळे होतो. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, वय वंदना कार्ड द्यायला सुरुवात केली. बाबांना यात वेगळे 5 लाख आहेत. त्यांच्या उपचारामुळे बाकीच्यांच्या वाट्याचं कमी होत नाही. आईला ते अजून नाही, पण ती कुटुंबाच्या 5 लाखांत आहेच. पुढे तिने सत्तरी गाठली की ज्येष्ठांचे हे 5 लाख दोघांत मिळून असतील.

वय मात्र आधारवरून मोजतात, आणि खरी अडचण इथे आहे. धानाच्या बांधीत आयुष्य गेलेल्या पिढीला जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. आधार काढताना अंदाजाने सांगितलेलं वर्ष आणि 1 जानेवारी, असं अनेकांच्या कार्डावर आहे. त्यामुळे खरोखर पंच्याहत्तरीचा माणूस कागदावर 67 चा निघतो आणि कार्ड काढायच्या केंद्रावरून निराश होऊन परततो. दुरुस्तीला जन्माचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला असेल तर तो आधी शोधा. मातीत काम करून बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर अंगठाही जुळत नाही. म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या, त्यावर आलेल्या ओटीपीने काम होतं. हे सगळं बाबा धडधाकट असतानाच उरकावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आता गोळ्या. हे 5 लाख खात्यात येत नाहीत आणि दुकानात चालत नाहीत. ठरलेल्या आजारासाठी योजनेतल्या रुग्णालयात उपचार घेतले, तर त्याचे ठरलेले पैसे सरकारकडून रुग्णालयाला जातात. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा मोठ्या खर्चासाठी ही सोय आहे. रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात नाही.

पण गोळ्यांसाठी दुसरी वाट आहे आणि तिला कार्ड लागत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. साकोलीचं उपजिल्हा रुग्णालय त्यातच येतं. बीपी आणि साखरेच्या रुग्णांची तिथे नोंद करून गोळ्या देतात. आधी तिथे बाबांचं नाव नोंदवा. नागपूरचं मेडिकल कॉलेज मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. निःशुल्क उपचाराचा हा आदेश त्याला लागू नाही.

राहिलं खासगी रुग्णालय. प्रत्येक खासगी रुग्णालय योजनेत नसतं, आणि जे असतं तेही सगळ्या आजारांसाठी असेलच असं नाही. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. ‘हे इथे योजनेत होत नाही’ असं उत्तर मिळालं की त्यामागे बहुधा यातलं एक कारण असतं. म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेतल्या रुग्णालयात हा माणूस नेमलेला असतो. आजार योजनेत बसतो का, हे तो पाहतो आणि मंजुरीचे कागद पाठवतो. जीवावर बेतलं असेल तर कागदांसाठी थांबू नका, 108 बोलवा; तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन भरती करता येतं. मंजूर उपचारासाठी पैसे मागितले, तर भरण्याआधी 155388 वर फोन करा. हा फुले योजनेचा निःशुल्क क्रमांक आहे; आयुष्मानचा 14555.