सेकंड हँड गाडी धंद्याला परवडते का? असा करा हिशेब



"सर, धंदा आत्ताच सुरू केलाय. डिलिव्हरीसाठी सव्वा लाखात जुनी व्हॅन मिळतेय. घेऊ का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओमध्ये मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं: घ्या, पण सोबत एक वही घ्या. त्या वहीत काय लिहायचं, ते आज सविस्तर बघू.

आधी माझी चूक सांगतो. २०११ ची दिवाळी. शिरवळला माझा फराळाचा छोटा धंदा होता आणि दारात दहा वर्षं जुनी व्हॅन. साताऱ्याच्या एका कंपनीची १२० बॉक्सची ऑर्डर मिळाली होती. माल सकाळी ११ च्या आत पोचवायचा होता. तीन आठवडे आधीच आमचे मिस्त्री म्हणाले होते, "शेठ, रेडिएटरचा पाईप फुगलाय, बदलून घ्या." मी म्हणालो, "दिवाळी झाली की बघू मामा, सध्या पाणी टाकून चालवतो." आणि त्याच महिन्यात मी साडेतीन हजारांचे सीट कव्हर आणि टेप बसवून घेतला!

व्हायचं तेच झालं. भरलेली गाडी, खंबाटकीचा चढ, आणि अर्ध्या घाटात सीटखालून वाफ. दुसरा टेम्पो मिळून साताऱ्याला पोचायला दुपारचे तीन वाजले. तोवर कंपनीने बाजारातून मिठाई आणून वाटूनही टाकली होती. माल परत आला. पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला नाही, मी केला तर उचलला नाही. पाईप होता काही शे रुपयांचा. गाडी जुनी होती म्हणून ते गिऱ्हाईक गेलं नाही. खोट माहीत असून मी ती मागे ढकलली, म्हणून गेलं.

वहीचं पहिलं पान: खोटींचे तीन रकाने

जुन्या गाडीत दहा गोष्टी बिघडलेल्या असणारच. सगळ्या एकदम दुरुस्त करायला गेलात तर भांडवल संपेल. म्हणून तीन रकाने आखा.

१. जिवावर येणाऱ्या: ब्रेक, स्टीअरिंग, टायर, हेडलाईट. इथे उधारी नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बाद. यातलं काही बिघडलं असेल तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

२. वाटेत थांबवणाऱ्या: रेडिएटरचे पाईप, फॅन बेल्ट, बॅटरी, क्लच केबल. वस्तू बहुतेक स्वस्त, पण नुकसान मोठं. तुटायची वाट बघू नका, सीझनच्या आधी बदला. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी टाकत राहिलात तर आतून गंज धरतो, कूलंटच वापरा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

३. नुसत्या दिसणाऱ्या: पोचा, उडालेला रंग, फाटलेलं सीट, खडखडणारा दरवाजा. याची लाज वाटते, म्हणून आपला पहिला पैसा इथेच जातो. हा रकाना सगळ्यात शेवटी. गाडी धुतलेली असली, माल नीट झाकलेला असला, की गिऱ्हाईक पोचा बघत नाही.

दुसरं पान: खरा हिशेब

आता आकडे बघू. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला.

जुनी गाडी १,२०,००० ला घेतली आणि चार वर्षांनी ५०,००० ला विकली. म्हणजे वर्षाला १७,५०० ची घट. दुरुस्ती ३६,०००. विमा आणि पीयूसी ९,०००. वर्षाचे झाले ६२,५००.

नवी गाडी ६,००,००० ची, चार वर्षांनी ३,२०,००० ला गेली. वर्षाला ७०,००० ची घट. कर्जाचं व्याज सरासरी २६,०००. सर्व्हिसिंग १२,०००. विमा २०,०००. वर्षाचे झाले १,२८,०००.

फरक ६५,५०० रुपये. इंधन दोन्हीकडे लागतंच, म्हणून बाजूला ठेवलंय. जुनी गाडी ॲव्हरेज कमी देत असेल तर तेवढी रक्कम तिच्या खर्चात वाढवा.

"म्हणजे जुनीच स्वस्त ना सर?" थांबा. ऐन कामाच्या दिवशी गाडी बंद पडली की भाड्याचा टेम्पो आणि बुडालेला धंदा मिळून समजा ४,००० जातात. ६५,५०० ला ४,००० ने भागा. आले साधारण १६. वर्षात १६ पेक्षा जास्त कामाचे दिवस गाडी उभी राहिली, तर जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडली. हा तुमचा आकडा. तो वहीच्या कव्हरवर मोठा लिहा आणि गाडी अचानक बंद पडली की तारखेसकट एक रेघ मारा.

तिसरं पान: स्वतःला भरायचा हप्ता

बँकेचा हप्ता नाही म्हणून खूश होऊ नका. उदाहरणात दुरुस्तीचे ३६,००० धरलेत, म्हणजे महिन्याला ३,०००. ते दर महिन्याच्या ५ तारखेला वेगळ्या खात्यात टाका. ज्या महिन्यात गाडीने काहीच काढलं नाही, त्या महिन्यातही टाका. हे पैसे नसले की आपण "अजून थोडं चालवू" म्हणतो, आणि मग घाटात उभे राहतो.

गॅरेजची वेळही तुम्हीच ठरवा. पितृपक्षात बऱ्याच धंद्यांना मंदी असते. तेव्हा गाडी मिस्त्रीकडे टाका, नवरात्रापासून ती पळायला तयार. ठरवून घेतलेला असा दिवस त्या १६ मध्ये मोजायचा नाही. आणि मिस्त्रीचे पैसे थकवू नका. अडीअडचणीला रात्री फोन तोच उचलणार आहे.

कागदपत्रं विसरू नका

घेताना फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवूनच पैसे द्या. विमा स्वतःच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो तुम्हाला मिळत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस दाखवून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. त्यामुळे १३-१४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून भाड्याने दुसऱ्याचा माल वाहू नका.

निरोप कधी द्यायचा?

गाडीवर जीव जडतो, मान्य. माझाही जडला होता. पण तीन खुणा दिसल्या की विकायला काढा: रेघा १६ च्या पुढे गेल्या, एकाच दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं, किंवा चेसिसलाच गंज लागला. तोवर मात्र तिला नावं ठेवू नका. खोटी माहीत असलेली आणि वेळेवर दुरुस्त केलेली जुनी गाडी नव्या धंद्याला चांगला आधार देते.

आजचा गृहपाठ: गाडी असेल तर आज संध्याकाळी तीन रकाने भरा आणि दुसऱ्या रकान्यातली एक वस्तू याच आठवड्यात बदला. गाडी घ्यायची असेल तर तुमचा '१६' किती येतो ते काढा आणि कमेंटमध्ये लिहा. भागाकार चुकला असेल तर मी सांगेन.

भेटूया पुढच्या भागात.