पटकी : हवेतून की पाण्यातून?

दोन शास्त्रीय सिद्धांत समोर आले म्हणजे पुरावा पाहावा आणि खरा तो निवडावा, इतके ते काम सोपे आहे अशी आपली समजूत असते. लंडनमधील पटकीच्या वादाची हकीकत वाचली म्हणजे या समजुतीला धक्का बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, कुजलेल्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने पटकी होते, असे बहुतेक वैद्यकवेत्ते मानीत. मैलामिश्रित पाण्यातून ती पसरते, असे डॉ. जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये मांडले. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. दुर्गंधी हटावी म्हणून त्याच सुमारास शहरातील मैला गटारांवाटे थेम्स नदीत लोटला जात होता, आणि तेच पाणी हजारो लोक पीत होते.

त्या साथीचे आकडे तपासून विल्यम फार यांनी दाखविले की, वस्ती नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके मृत्यू कमी. सखल भागात दूषित हवा साचते, तेव्हा हवेच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा कोणता? परंतु सखल भागातील पुष्कळ लोक पाणीही गलिच्छ थेम्सचेच पीत होते! आकडे एकच, आणि ते दोन्ही पक्षांना सारखेच मानवणारे. फार यांना हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची आकडेमोड चोख होती.

निवाडा करावयाचा तर हवा एक पण पाणी वेगळे, अशी जागा हवी होती. ती दक्षिण लंडनमध्ये मिळाली. तेथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, कित्येकदा शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या अंगाचे पाणी घेऊ लागली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातील मैल्याचेच पाणी पुरवीत होती. १८५४ च्या साथीत स्नो घरोघर हिंडले. पाणी कोणत्या कंपनीचे हे अनेक घरांत ठाऊकच नसे. तेव्हा पाण्यातील मिठाच्या प्रमाणावरून त्यांनी ते ओळखले. पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे लॅम्बेथकडे ३७ मृत्यू झाले, तर दुसऱ्या कंपनीकडे ३१५. शिक्षकबंधूंनी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

तरीही वाद मिटला नाही. १८५५ मध्ये सरकारी समितीने स्नो यांचे मत अमान्य केले. १८५८ मध्ये ते वारले. फार यांचे मत पालटले ते पूर्व लंडनमधील १८६६ च्या साथीनंतर. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू आढळला. पण म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८९२ मध्ये तेच जंतू पिऊन दाखविले आणि थोड्याशा जुलाबांवर त्यांचे निभावले. रोगाला जमिनीची विशिष्ट स्थितीही लागते, हे त्यांचे मत त्यांना सिद्ध झाल्यासारखे वाटले. जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा सौम्य त्रास होतो, आणि जठरातील आम्लाने पुष्कळ जंतू मरतात, हे आज आपणांस माहीत आहे. तो पेला रिकामा झाला तेव्हा मात्र कॉख यांच्या बाजूच्यांनाही त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते.